विषय भिंतीवरच्या मजकुरात शोधू नका

प्रश्न थोडक्यात असा. सोलापुरातल्या एका शाळेच्या चित्रकला शिक्षिका मुलांना मुंबईत समकालीन कलेचं प्रदर्शन दाखवायला घेऊन गेल्या. दालनात विटांचा ढीग, दोन व्हिडिओ, छतापासून लोंबणारी पोती आणि भिंतीवर 'स्मृती', 'विस्थापन', 'देह', 'श्रम' असल्या शब्दांनी भरलेला लांबलचक मजकूर. मुलांनी विचारलं, "मॅडम, चित्रं कुठायत?" मॅडमना दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. हे विषय म्हणजे नेमकं काय, आणि जिथे जावं तिथे तेच ते का दिसतात? शिवाय पूर्व भागातली एक बंद यंत्रमाग शेड त्यांना महिनाभर वापरायला मिळणार आहे. तिथे मुलांना घेऊन प्रदर्शन करायचं, तर विषय काय ठेवावा?

मी संग्रहालयांसाठी प्रदर्शनं रचतो. मूळचा सोलापूरचाच आहे, त्यामुळे शेडच्या प्रश्नावर जास्त बोलणार आहे हे आधीच सांगतो.

मॅडम, मुलांचा प्रश्न रास्त आहे. 'तुम्हाला अजून कळत नाही' हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही. चित्रांच्या प्रदर्शनात आपण एकेक फ्रेम सुटी बघतो. आवडली तर थांबतो, नाहीतर पुढे सरकतो. संग्रहालयातलं आजचं प्रदर्शन तसं बघितलं तर हाती काही लागत नाही, कारण तिथे काम शेजाराने होतं. ही वस्तू त्या वस्तूच्या शेजारी का ठेवली, मध्ये जागा का सोडली, कुणाची वस्तू आणलीच नाही, यात विषय असतो. भिंतीवरचा मजकूर बहुतेक वेळा सगळं लागल्यावर लिहिला जातो. आधी इंग्रजीत, मग उद्घाटनाच्या आदल्या रात्री मराठीत. तो मुलांना वाचायला लावू नका. तुम्हीही शेवटी वाचा.

शेजार म्हणजे काय, याचं मला ठाऊक असलेलं सर्वांत लख्ख उदाहरण अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातल्या बाल्टिमोर शहराचं आहे. १९९२ साली तिथल्या मेरीलँड हिस्टॉरिकल सोसायटी या जुन्या संस्थेचं भांडार फ्रेड विल्सन या कलाकाराला खुलं करून दिलं गेलं. त्याने जवळजवळ काहीच नवं घडवलं नाही, जे होतं ते हलवलं. एका काचपेटीत नक्षीदार चांदीची भांडी होती. त्यांच्या मधोमध त्याने गुलामांच्या लोखंडी बेड्या ठेवल्या आणि पाटी लावली, 'धातुकाम, १७९३–१८८०'. पाटीत एक अक्षर खोटं नाही. दोन्ही वस्तू धातूच्या, दोन्ही त्याच संस्थेच्या मालकीच्या. एका पेटीत मात्र त्या कुणी आणल्या नव्हत्या. दुसऱ्या ठिकाणी उंची लाकडी खुर्च्या मांडल्या आणि त्या सगळ्यांची तोंडं माणसांना बांधून फटके मारायच्या खांबाकडे केली. आणखी एका जागी सहा चौथरे होते. तिनांवर अर्धपुतळे, त्यांतला एक नेपोलियनचा. उरलेले तीन रिकामे, आणि त्यांच्यावर नावं होती हॅरिएट टबमन, फ्रेडरिक डग्लस, बेंजामिन बॅनेकर यांची. टबमन आणि डग्लस गुलामगिरीविरुद्ध लढलेले, बॅनेकर खगोल-गणिती. तिघेही कृष्णवर्णीय, मेरीलँडच्या मातीतले. नेपोलियनचा मेरीलँडशी संबंध काय? पण संस्थेकडे पुतळा त्याचा होता, या तिघांचा नव्हता.

नववीतल्या मुलाला हे सांगून बघा. 'संस्थात्मक स्मृतीची चिकित्सा' वगैरे काही म्हणावं लागत नाही, तो आपण होऊन पुढचा प्रश्न विचारतो.

आता तेच ते विषय का, हे. एक कारण खरं आहे. गेल्या तीसेक वर्षांत संग्रहालयांना स्वतःलाच जाब द्यावा लागतो आहे की या वस्तू तुमच्याकडे आल्या कुठून. जर्मनीने डिसेंबर २०२२ मध्ये आजच्या नायजेरियातल्या जुन्या बेनिन राज्यातून लुटली गेलेली काही कांस्यशिल्पं नायजेरियाला परत केली, ती अशाच दीर्घ दबावातून. आपल्याकडे भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय दुरुस्तीनंतर २००८ साली पुन्हा उघडलं, तेव्हापासून तिथे आजच्या कलाकारांना जुन्या संग्रहाशी बोलायला बोलावलं जातं. सुदर्शन शेट्टी, जितीश कल्लाट, अतुल दोडिया असे बरेच जण तिथे काम करून गेले आहेत. त्या संग्रहालयात मातीची छोटी छोटी माणसं आहेत, नाना जातींची, धंद्यांची, इंग्रजी अमदानीत नमुने म्हणून करून ठेवलेली. पुढच्या सहलीत मुलांना आधी तिथे न्या. 'ही माणसं कुणी, कुणासाठी केली?' एवढंच विचारा.

दुसरं कारण तितकं थोर नाही. बिएनाले म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारी मोठी कलाप्रदर्शनं, अनुदानं, प्रदर्शनं रचणाऱ्या क्युरेटरांचं आपसांतलं जाणंयेणं, यांतून शब्दांची चलती होते. एका वर्षी सगळीकडे 'विस्थापन', दोन वर्षांनी सगळीकडे 'काळजी आणि आपुलकी'. शब्द फिरतात म्हणून कलाकृती खोटी ठरत नाही, पण पारख करावी लागते. माझी पारख साधी आहे. भिंतीवरचा मजकूर झाकला तरी ती गोष्ट त्या सामानातून, त्या जागेतून उमटते का? उमटत नसेल तर तो निबंध आहे, जवळ वस्तू ठेवलेला.

तुमच्या मुलांनी पाहिली तसली पोती चांगल्या हातात काय करतात बघा. घानाचा इब्राहिम महामा तागाची जुनी पोती शिवून अख्ख्या इमारती झाकतो. २०१७ साली जर्मनीत कासेलच्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात त्याने तसं केलं होतं. या पोत्यांतून आधी कोको गेलेला असतो, मग कोळसा. त्यांवर शिक्के असतात, व्यापाऱ्यांची नावं असतात, डाग असतात, ठिगळं असतात. मालाचा सगळा प्रवास कापडावरच लिहिलेला आहे, कलाकाराने तो फक्त माणसांच्या डोळ्यांसमोर उभा केला. आणि ज्या देशात तो माल उतरला, त्या देशातल्या इमारतीवर चढवला. इथे मजकूर झाकला तरी चालतो.

चिनी कलाकार आय वेईवेई याचं उदाहरण थोडं अवघड आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयाच्या टर्बाइन हॉल या मोठ्या दालनात त्याने सूर्यफुलाच्या बिया पसरल्या. बिया पोर्सिलेनच्या, दहा कोटींच्या आसपास, एकेक हाताने रंगवलेली. चीनमधल्या जिंगदेझेन या चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध गावातल्या सुमारे १६०० कारागिरांनी त्या केल्या. सुरुवातीला लोक त्यांवरून चालत होते, मग धुळीचा त्रास होईल म्हणून ते बंद केलं. ही कलाकृती मला आवडते आणि खुपतेही. कोट्यवधी सारख्या दिसणाऱ्या बियांत प्रत्येक वेगळी, ही कल्पना मोठीच. पण जगभर नाव झालं ते एकाचं. ही तक्रार मी पुढे सोलापूरला लागू करणार आहे.

शेडमध्ये काय करायचं यावर येतो. 'सोलापूरच्या वस्त्रोद्योगाचा वैभवशाली इतिहास' हा विषय घेऊ नका. तो विषय नाही, तो सत्कार आहे. १८७४ ची जुनी मिल, मग बाकीच्या गिरण्या, भोंगे, चादरीला मिळालेलं भौगोलिक मानांकन, एका ओळीत फोटो. लोक येतील, 'छान' म्हणतील, चहा पिऊन जातील. आणि जिथे माग बंद पडलेत त्या जागेत उभं राहून वैभव सांगणं हे जरा निर्दयीपणाचंही होईल.

माझी सूचना: विषय एकच ठेवा, आणि तो प्रश्नाच्या रूपात ठेवा. सोलापूरच्या कामावर नाव कुणाचं?

का ते सांगतो. चादर हातात घ्या. काही चादरींच्या कडेला कारखान्याचं नाव विणलेलं असतं, मागावर नक्षी उठवणाऱ्या जकार्ड यंत्राने, मोरांच्या आणि वेलबुट्टीच्या जोडीला. विणणाऱ्याचं नाव नसतं. विडीच्या कट्ट्यावरचं लेबल घ्या. त्यावर छाप्याचं नाव आहे, कधी मालकाचा फोटो आहे. ज्या बाईने घरी बसून पान कातरलं, तंबाखू भरली, दोरा बांधला, ती हजारामागे मजुरी घेते आणि कट्ट्यावर कुठेच नसते. शहरात हजारो बायका हे काम करतात. तुमच्या वर्गात निम्म्या मुलांची आई किंवा आजी यातली असेल. मुलांना संशोधनासाठी ग्रंथालयात जायची गरज नाही, घरीच जायचं आहे.

या एका प्रश्नाखाली भिंतीवरचे ते सगळे मोठे शब्द आपोआप येतात. श्रम येतो, देह येतो, कारण विडी करणाऱ्या बाईची पाठ आणि बोटं हाच तर देह. विस्थापन येतं, कारण तेलंगणातून मागावर आलेली पद्मशाली विणकर कुटुंबं हा सोलापूरचा अर्धा इतिहास आहे. फक्त ते शब्द कुठे लिहू नका.

आता मोह कुठे होतील ते सांगतो. पहिला मोह, विड्यांचा मोठा ढीग लावायचा. आय वेईवेईचं नुकतंच सांगितलं म्हणून मुलं हेच सुचवतील. नको. एक तर ती नक्कल होईल, दुसरं म्हणजे बंद शेडमध्ये मुलांच्या सोबत तंबाखू नको. त्याऐवजी पान कातरायचा पत्र्याचा साचा, कात्री, कातरून उरलेली पानं आणि मजुरीची वही एवढंच एका टेबलावर मांडा. खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे मिळत नाहीत, हे टेबलाजवळ कुणा आजीच्या आवाजात ऐकू येऊ दे. व्हिडिओ नको, आवाज पुरे. चेहरा दाखवायला पुष्कळ बायकांना आवडणार नाही, आणि आवाज ऐकताना माणूस हातांच्या वस्तूंकडे बघत राहतो. त्या बायकांचा वेळ जाणार आहे, तेवढ्या वेळात त्यांच्या विड्या बुडणार आहेत. त्याचे पैसे द्या. हे मी आग्रहाने सांगतो, कारण श्रमावरच्या प्रदर्शनात फुकट श्रम घेतल्याचं मी फार ठिकाणी बघतो.

दुसरा मोह, माग सुशोभित करायचा. शेडमधले माग धुऊन, रंगवून, दिवे सोडून 'इन्स्टॉलेशन' करू नका. जकार्डची भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं मात्र जरूर मिळवा, शेडमध्ये माळाच्या माळा पडलेल्या असतात. भोक असेल तिथे ताण्याचा म्हणजे उभा धागा उचलला जातो, नसेल तिथे खालीच राहतो. अठराशेच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये आलेली ही युक्ती पुढे गणकयंत्रांच्या कल्पनेला उपयोगी पडली, हे संगणकाच्या तासाला शिकवलं जात असेलच. पण तुमच्या प्रदर्शनात ती कार्डं त्या तयार चादरीच्या शेजारी ठेवा, आणि तिसऱ्या जागी ज्याने ती कार्डं ठोकली त्याचं नाव. तो माणूस शोधायला मुलांना पंधरा दिवस लागतील. लागू देत. सापडला नाही तर फ्रेड विल्सनचा चौथरा आहेच, जागा रिकामी ठेवा आणि पाटी लावा.

तिसरा मोह हुतात्म्यांचा. सोलापुरात काही करायचं म्हटलं की १९३० येणारच, आणि यावंच. मे महिन्यातलं इंग्रजांविरुद्धचं ते आंदोलन, गिरणी कामगारांचा सहभाग, लष्करी कायदा, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. चौकात चौघांचे पुतळे आहेत. पाचवी मूर्ती तुम्ही करू नका. पण आमच्या प्रश्नात हा प्रसंग बसतो, कारण चार नावं सगळ्यांना पाठ आहेत आणि बाकीच्या गर्दीचं नाव कुणाला सांगता येत नाही.

अशी गर्दी दालनात आणायची कशी, याचे दोन नमुने सांगतो. कलाकार विवान सुंदरम यांनी अभ्यासक आशिष राजाध्यक्षांबरोबर २०१७ साली मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात १९४६ च्या नौसैनिकांच्या उठावावर काम केलं. पुतळा नाही, नायक नाही. जहाजाच्या पोटासारखी एक मोठी धातूची खोली, तिच्यात शिरून बसायचं आणि ऐकायचं. उठाव फसला होता, आणि फसलेल्या उठावाला स्मारक कसं असावं याचं ते उत्तर होतं. दुसरा नमुना जितीश कल्लाटचा. विवेकानंदांनी शिकागोत ११ सप्टेंबर १८९३ ला भाषण केलं, ती जागा आज आर्ट इन्स्टिट्यूट या कलासंग्रहालयात येते. कल्लाटने २०१० साली तिथल्या जिन्याच्या पायऱ्यांवर ते भाषण दिव्यांच्या अक्षरांत लावलं, अमेरिकी सरकारच्या दहशतवाद-इशाऱ्याच्या पाच रंगांत. तारीख तीच, ११ सप्टेंबर, २००१ साली अमेरिकेवर हल्ला झाला तीही. म्हणजे शेजार दोन वस्तूंचाच असतो असं नाही, दोन काळांचाही असतो. तुमच्या मुलांना जिना नाही, पण शेडचा सिमेंटचा कोबा आहे. खडूने लिहिता येतं, आणि येणाऱ्यांच्या पायांनी पुसत जातं.

भाषेवर थोडं सविस्तर, कारण इथे सोलापूर मुंबईच्या पुढे जाऊ शकतं. शिल्पा गुप्ताची एक कलाकृती आहे, कोची बिएनालेत २०१८ ला होती, पुढच्या वर्षी व्हेनिसला. लेखनासाठी किंवा राजकीय भूमिकेसाठी तुरुंगात गेलेल्या शंभर कवींच्या ओळी, शंभर सळ्यांवर टोचलेले कागद, आणि वर टांगलेल्या शंभर मायक्रोफोनांमधून येणारे आवाज, वेगवेगळ्या भाषांत. मायक्रोफोन एरवी बोलण्यासाठी असतो, इथे तोच ऐकवतो. तुम्हाला सगळ्या भाषा येत नाहीत, तरी तुम्ही थांबता. सोलापूरचा माणूस रिक्षात मराठी, घरात तेलुगू, मार्केट यार्डात कन्नड आणि शेजाऱ्याशी दखनी बोलतो, आणि याचं त्याला काही वाटत नाही. मग प्रदर्शनाच्या पाट्या फक्त मराठीत का? चारही भाषांत करा, पण एकाच मजकुराची चार भाषांतरं करू नका. तेलुगू पाटीवर तेलुगू बोलणाऱ्या आजीने त्या वस्तूबद्दल जे सांगितलं ते लिहा, कन्नडवर दुसऱ्याचं. ज्याला जे वाचता येईल ते तो वाचेल, आणि उरलेलं शेजारच्या माणसाला विचारेल. शेडमध्ये अनोळखी माणसं एकमेकांशी बोलायला लागली तर निम्मं काम झालं.

विडीच्या टेबलाजवळ जातीचा प्रश्न येईल, येऊ द्या. पुण्याच्या राज्यश्री गुडी दलित आत्मकथनांतल्या अन्नाच्या वर्णनांवरून पाककृती लिहितात. वाचायला पाककृती, पण त्यात भूक आणि अपमान वाटून घातलेला. मुंबईच्या अमोल पाटीलने २०२२ च्या डॉक्युमेंटात चाळ, कामगार आणि पोवाड्याची परंपरा यांतून काम मांडलं. या दोघांकडून घेण्यासारखं एवढंच की मोठा विषय त्यांनी घरातल्या वस्तूतून धरला.

पर्यावरणावर मुद्दाम फार बोलत नाही. ओलाफुर एलियासन या कलाकाराने २०१८ च्या डिसेंबरात ग्रीनलँडचे बर्फाचे ठोकळे लंडनमध्ये रस्त्यावर वितळायला ठेवले, ते गाजलं. ज्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही तिथे बर्फाची गरज नाही. पण तो दुसऱ्या प्रदर्शनाचा विषय. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी, जी विमानतळासाठी २०२३ च्या जूनमध्ये पाडली, तीही तशीच. सभासद शेतकरी एका बाजूला, विमान हवं असणारे दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये एक उंच वस्तू जी आता नाही. समकालीन प्रदर्शनाला याहून तयार विषय मिळणं कठीण, पण मोठ्या माणसांनी करावा. शाळेला त्यात ओढू नका.

हुसेन यांचं काय, असं कुणी विचारेलच. चित्रकार मकबूल फिदा हुसेन १९१५ साली आपल्या जिल्ह्यात, पंढरपुरात जन्मले आणि २०११ मध्ये लंडनला वारले. त्यांच्या नावाचं संग्रहालय २०२५ ला उघडलं ते दोह्यात. पंढरपूर ते दोहा, विस्थापनावर एवढं एक वाक्य पुरतं. तुमच्या शेडमध्ये त्यांचा घोडा रंगवू नका म्हणजे झालं.

मुलांकडून लिहून काय घ्यावं? प्रत्येकाने एकच वस्तू आणावी आणि चार गोष्टी शोधाव्यात: कुणी केली, कुणी विकत घेतली, त्यावर कुणाचं नाव आहे, आणि ती कुणाच्या शेजारी ठेवली तर भांडण होईल. शेवटच्या प्रश्नावर वर्गात खरी चर्चा होते, बघा. मांडणी मुलांना करू द्या. तुम्ही फक्त 'का?' विचारा. उत्तर 'छान दिसतं' असेल तर हलवायला सांगा, दुसरं काही असेल तर राहू द्या. प्रदर्शनाचं शीर्षक आणि भिंतीवरचा मजकूर मांडणी संपल्यावर, दहा ओळींच्या आत. पाटीवर वस्तू करणाऱ्याचं नाव आधी, देणाऱ्याचं नंतर, आणि नाव लावायची परवानगी लेखी घ्या. कुणी नको म्हटलं तर 'नाव सांगायचं नाही' असंच लिहा. आमच्या प्रश्नाला तेही उत्तर आहे.

जुन्या चादरी लोक विश्वासाने देतील, त्यांची काळजी घ्या. खिळे ठोकून टांगू नका, धागा त्या जागी ताणून तुटतो. वरच्या कडेला सुती पट्टी शिवून तिच्यातून दांडा घाला, वजन सारखं वाटलं जाईल. पत्र्याच्या छतातून येणारं थेट ऊन कापडावर पडता कामा नये. संग्रहालयात जुन्या कापडावर साधारण ५० लक्सच्या (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक) वर प्रकाश ठेवत नाहीत. तुम्हाला मोबाईलवरच्या लक्स मीटरने अंदाज घेता येईल. रात्री घडी घालू नका, पुठ्ठ्याच्या जाड नळीवर धुतलेलं साधं सुती कापड गुंडाळून त्याच्यावर जुनी चादर लपेटा. आणि शेडचं वायरिंग आधी एखाद्या परवानाधारक वायरमनला दाखवा. बंद शेडमध्ये उंदरांनी काय खाल्लंय ते आपल्याला माहीत नसतं.